सगळ्यांना एकच वाट सांगितली, तर

पणजीहून जुन्या गोव्याला जायला दोन वाटा आहेत. पहिली दिवजा सर्कलवरून निघते आणि मांडवीच्या कडेने, बांधावरून रायबंदरला पोचते. पोर्तुगीजांनी सतराव्या शतकात बांधलेला हा बांध सुमारे तीन किलोमीटर लांब आहे. त्याच्या एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला मिठागरांची सखल जमीन. दुसरी वाट मेरशीवरून कदंब पठार चढून जाते. ती रुंद आहे, आम्ही तिला बायपास म्हणतो.

मी रायबंदरचा. घर रस्त्याला इतकं लागून आहे, की ओसरीवर बसलं तर बसच्या खिडकीतल्या माणसाला ‘कसं काय’ विचारता येतं. गेल्या काही वर्षांत ओसरीवरून एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. सकाळी रस्ता मोकळा असतो. मग एकाएकी गाड्यांचा लोंढा येतो, चाक हलायला तयार नसतं. वीस-पंचवीस मिनिटांनी पुन्हा शुकशुकाट. नदीला भरती-ओहोटी असते, तशी ही रस्त्याची भरती-ओहोटी. बायपासवर काही अडलं, मोबाईलच्या नकाशावर तिकडची रेघ लाल झाली, की लोंढा आमच्याकडे वळत असावा, हा माझा अंदाज. पण अंदाज तपासायचा कसा? रस्त्यावर प्रयोग करता येत नाही. आज सगळ्यांचे मोबाईल बंद ठेवा, उद्या अर्ध्यांचे चालू करा, असं कोण कोणाला सांगणार?

म्हणून वाहतुकीचा अभ्यास करणारे लोक सिम्युलेशन करतात. संगणकात खोटा रस्ता, खोट्या गाड्या आणि खोटे चालक घ्यायचे, त्या चालकांना खरी वाटेल अशी माहिती द्यायची, आणि बघत बसायचं. मी हेच आधी चिंचोक्यांनी करून पाहिलं. शाळेत जाणारी भाची सुट्टीत आमच्याकडे आली होती, तिला घेऊन. संगणकाचा प्रोग्रॅम समजून घेण्याआधी हे चिंचोके मांडून बघाच, कारण सगळं मर्म त्यात आहे.

जेवणाच्या टेबलावर खडूने दोन रेघा ओढल्या, एक रायबंदर, एक बायपास. ७० चिंचोके घेतले. एक चिंचोका म्हणजे १० गाड्या, म्हणजे एका फेरीत ७०० गाड्या. आता नियम. रायबंदरचा रस्ता रिकामा असेल तर १० मिनिटं लागतात, पण तो अरुंद, म्हणून दर दोन चिंचोक्यांमागे एक मिनिट वाढतं. बायपास रिकामा असताना १५ मिनिटं, पण तो ऐसपैस, म्हणून चार चिंचोक्यांमागे एक मिनिट. हे आकडे मी हिशेबाच्या सोयीसाठी घेतलेत, रस्त्यावर घड्याळ लावून मोजलेले नाहीत.

३० चिंचोके रायबंदरला आणि ४० बायपासला ठेवले, तर रायबंदरचा वेळ १० अधिक १५, म्हणजे २५ मिनिटं. बायपासचा १५ अधिक १०, तोही २५. आता कोणालाही वाट बदलून फायदा नाही. जॉन वॉर्ड्रॉप या ब्रिटिश अभ्यासकाने १९५२ साली हीच कल्पना मांडली: जो तो आपापला वेळ वाचवायला बघतो, आणि त्या ओढाताणीत वापरातल्या सगळ्या वाटांना सारखाच वेळ लागायला लागतो. रोज त्याच वाटेने जाणारी माणसं अनुभवाने साधारण इथेच येऊन पोचतात. कोणी न सांगता.

मग आम्ही सगळ्या चिंचोक्यांना मोबाईल दिला. नियम साधा: मागच्या फेरीत जी वाट कमी वेळाची निघाली, ती धरायची. एका फेरीत मुद्दाम बायपासवर दोन मिनिटं जास्त लागू दिली. झालं, सगळेच्या सगळे ७० रायबंदरला. वेळ ४५ मिनिटं! बायपास रिकामा, १५ मिनिटं. पुढच्या फेरीत सगळे बायपासला, तिथे साडेबत्तीस मिनिटं आणि रायबंदरला १०. पुढच्या फेरीत सगळे परत रायबंदरला. भाची चिंचोके ओंजळीत भरून इकडून तिकडे नेत होती. चौथ्या फेरीला कंटाळून म्हणाली, “मामा, हे लोक वेडे आहेत का? दुसरा रस्ता रिकामा दिसतोय ना!”

वेडा त्यांच्यात एकही नाही, आणि मला हेच सांगायचं आहे. प्रत्येकाला खरी माहिती मिळाली, प्रत्येकाने तिच्यावर शहाणपणाने वागायचं ठरवलं. पण ती माहिती मागच्या फेरीची होती, आणि ती सगळ्यांना एकदम मिळाली. त्यामुळे वाचलेल्या क्षणी खरी असलेली बातमी, तिच्यावर सगळे वागल्यामुळेच खोटी ठरली. माहिती नव्हती तेव्हा २५ मिनिटं लागत होती. माहिती आल्यावर कधी ४५, कधी साडेबत्तीस.

पुढे आम्ही ७० पैकी १४ चिंचोक्यांना कुंकवाचा ठिपका लावला. हे मोबाईलवाले, वीस टक्के. बाकीचे सवयीने जाणारे, ठरल्या प्रमाणात विभागलेले. आता रायबंदरवर कधी ३८ चिंचोके येतात, कधी २४. वेळ २९ आणि २२ मिनिटांच्या मध्ये हेलकावतो. भरती-ओहोटी आहेच, पण पायरीला पाणी लागेल एवढीच. फायदा मात्र इथेही म्हणण्यासारखा नाही, कारण नेहमीच्या दिवशी वाटा आधीच समसमान झालेल्या असतात. वाचवायला काही शिल्लकच नसतं.

माहितीचं खरं मोल कळायला वाईट दिवस लागतो. आम्ही पावसाळा आणला. रायबंदरच्या वळणावर झाड आडवं पडलं, रस्त्याची एकच पट्टी उरली. आता तिथे दर चिंचोक्यामागे दोन मिनिटं वाढतात. कोणालाच कळलं नाही, तर नेहमीचे ३० चिंचोके येतात आणि ७० मिनिटं अडकतात. दोन्ही वाटांची मिळून सरासरी ४४ मिनिटांवर जाते. पण ठिपक्यावाल्या १४ ना बातमी लागली, तर त्यातले रायबंदरने जाणारे ६ चिंचोके बायपासला वळतात. फक्त सहा! त्याने रायबंदरचा वेळ ७० वरून ५८ वर येतो, बायपासचा २५ वरून साडेसव्वीस होतो, सरासरी ३७ च्या थोडी वर. जे रायबंदरलाच अडकले, ज्यांच्याकडे मोबाईल नव्हता, त्यांचीही बारा मिनिटं वाचली. थोड्यांना कळलं आणि भलं पुष्कळांचं झालं.

ठिपके वाढवत जा. निम्म्यांना बातमी असेल तर रायबंदर ४० मिनिटं, बायपास पावणेएकोणतीस. आणखी सुधारणा, आणि घडीही बसलेली: रायबंदर अजून हळूच आहे, म्हणून पुढच्या फेरीत कोणी परत उडी मारत नाही. दोन तृतीयांशांपर्यंत असंच चालतं. तिथे दोन्ही वाटा जवळपास ३० मिनिटांवर येतात. याहून चांगली वाटणी चालकांकडून आपणहून होणं शक्य नाही. पण ऐंशी टक्क्यांना माहिती द्या. पहिल्या फेरीत रायबंदर इतका रिकामा होतो, की वेळ २२ मिनिटं दिसतो, बायपासचा ३१. ते बघून पुढच्या फेरीत ठिपक्यावाले सगळे झाड पडलेल्या रस्त्यावर येतात. १३४ मिनिटं! शंभर टक्क्यांना दिली तर १५०. झाड तेच, रस्ते तेच, बदलला तो माहिती मिळालेल्यांचा वाटा.

चिंचोक्यांच्या या खेळात एक सूट घेतली आहे: प्रत्येक फेरी कोरी सुरू होते. खऱ्या रस्त्यावर मागच्या फेरीची रांग पुढच्या फेरीच्या वाट्याला येते, त्यामुळे तिथला त्रास लवकर ओसरत नाही.

वाहतुकीच्या शास्त्रात हे प्रश्न गंभीरपणे आले ते १९९१ च्या सुमारास, खिशात नकाशा येण्याच्या कितीतरी आधी. मोशे बेन-अकिवा, आंद्रे द पाल्मा आणि इस्साम कायसी यांनी त्या वर्षी तीन धोके वेगळे करून दाखवले. चालकावर माहितीचा इतका मारा होतो की त्याला ती पचत नाही. दुसरा, एका बातमीवर खूप जण एकदम वागतात आणि कोंडी एका रस्त्यावरून उचलून दुसऱ्यावर ठेवतात. तिसरा जास्त बारीक आहे: माहिती नसते तेव्हा प्रत्येकाचा अंदाज थोडा वेगळा असतो, आणि त्या वेगळेपणामुळेच गाड्या विखुरतात. अचूक माहिती हे वेगळेपण पुसते, सगळ्यांची आवड एक होते, सगळे एका ठिकाणी एकवटतात. आपल्या अडाणीपणातही रस्त्याच्या उपयोगाचं काही होतं, हे वाचून मी बराच वेळ थांबलो होतो.

आता संगणकाकडे. १९९२ मध्ये काई नागेल आणि मिखाएल श्रेकेनबर्ग या जर्मन भौतिकशास्त्रज्ञांनी एक सोपी युक्ती काढली. रस्त्याचे साडेसात मीटरचे चौकोन पाडायचे. गाडी आणि तिच्यापुढची मोकळी जागा मिळून एक चौकोन. आमचा तीन किलोमीटरचा बांध म्हणजे ४०० चौकोनांची एक लांबलचक पट्टी. दर सेकंदाला प्रत्येक गाडी चार गोष्टी करते: जमत असेल तर वेग एका चौकोनाने वाढवते, पुढची गाडी जवळ असेल तर तेवढा कमी करते, कधीमधी उगाचच थोडी हळू होते, आणि मग वेगाइतके चौकोन पुढे सरकते. सेकंदाला दोन चौकोन म्हणजे ताशी ५४ किलोमीटर. रायबंदरला याहून जास्त वेग द्यायची गरज नाही.

यातला ‘उगाचच हळू’ हा नियम सगळ्यात मोलाचा. कोणी खड्डा बघून ब्रेक लावतो, कोणी नदीतली बोट बघतो. हा नियम काढला तर गाड्या आगगाडीच्या डब्यांसारख्या सरळ पळतात. तो घातला, की गर्दीच्या रस्त्यावर काही कारण नसताना कोंडी तयार होते आणि लाटेसारखी मागे मागे सरकते. जपानी संशोधकांनी ही गोष्ट खऱ्या गाड्यांनीही दाखवली. २३० मीटरच्या गोल रस्त्यावर २२ गाड्या सारख्या वेगाने फिरवायला सांगितल्या. थोड्याच वेळात कोंडीची लाट उठली. हा प्रयोग २००८ मध्ये प्रसिद्ध झाला.

श्रेकेनबर्ग, योआखिम वाले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली असे दोन सारखे रस्ते संगणकात घातले आणि काही चालकांना रस्त्यावरचा फलक बघून वाट निवडायची मुभा दिली. फलकावर आकडा यायचा तो नुकत्याच बाहेर पडलेल्या गाडीचा: “मला एवढी मिनिटं लागली.” परिणाम आमच्या टेबलावर झाला तोच, गाड्या या रस्त्यावरून त्या रस्त्यावर झुलत राहिल्या. कारण उघड आहे. अर्धा तास अडकून बाहेर आलेला माणूस सांगतो ती अर्ध्या तासापूर्वीच्या रस्त्याची कथा. त्याच्या मागे रस्ता भरला की ओसरला, हे त्याला ठाऊक नसतं. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने फलकावरचा आकडा बदलून पाहिला. पोचायला लागलेल्या वेळाऐवजी रस्त्यावर त्या क्षणी असलेल्या सगळ्या गाड्यांचा सरासरी वेग दाखवला. झोके कमी झाले. चालक तेच, रस्ते तेच, नुसता आकडा शिळा होता तो ताजा झाला.

आपल्या मोबाईलचे नकाशे या दुसऱ्या पद्धतीच्या जवळचे. रस्त्यावर चालत असलेल्या फोनांचा वेग ते बघत राहतात. म्हणून चिंचोक्यांइतके मोठे झोके रोज येत नाहीत. पण फोन म्हणजे गाडी नव्हे. सिमॉन वेकर्ट या कलाकाराने २०२० मध्ये बर्लिनमध्ये ९९ फोन एका हातगाडीत भरले आणि रिकाम्या रस्त्यावरून ती ओढत नेली. गुगल मॅप्सवर तो रस्ता लाल झाला.

गोव्याचं सिम्युलेशन करायचं तर परदेशी नियम आहेत तसे उचलून भागणार नाही. साडेसात मीटरच्या चौकोनात इथे एक गाडी असते की तीन स्कूटर? सिग्नलला बघा: दुचाकी दोन्ही बाजूंच्या फटींतून पुढे येऊन पट्ट्यावर दाटी करतात, दिवा हिरवा झाला की आधी त्या सुटतात. म्हणून आपल्याकडचे अभ्यासक रस्ता लहान तुकड्यांत पाडतात, आणि वाहन आडवंही सरकू शकतं असा नियम घालतात. शिवाय इथे फेरीबोट आहे. रायबंदरहून चोडणला जाणाऱ्या माणसाच्या वाटेत नदी येते, आणि नदीवर गाड्या एकेक करून जात नाहीत. बोट येते, पोटात मावतील तेवढ्या घेते, निघून जाते. दोन गाड्यांनी बोट चुकली की दोन सेकंदांचा उशीर होत नाही, अख्ख्या फेरीचा होतो. डिचोली-मये भागातून रोज बोटीने येणाऱ्या माणसाला पुलावरच्या कोंडीच्या आकड्याचा काय उपयोग? धक्क्यावर रांग किती आणि बोट कोणत्या तीरावर, हे त्याला घरातून निघतानाच कळलं, तर त्याची सकाळ बदलेल.

दुसरी गोष्ट, वाटच एक असेल तर माहिती वाट कुठून देणार? पणजीजवळचे मांडवीचे पूल एकमेकांना लागून उभे आहेत. ५ जुलै १९८६ ला जुना नेहरू पूल कोसळला, तेव्हा पूल पडल्याचं सगळ्यांना माहीत होतं. त्या माहितीने नदी ओलांडता येत नव्हती, फेरीबोटीनेच जावं लागलं. वरच्या अंगाला आमोणे-खांडोळ्याचा पूल आहे, पण म्हापशाहून पणजीला येणाऱ्याला तो वळसा रोजचा परवडणारा नाही.

अशा ठिकाणी माहितीने वाट बदलत नाही. बदलू शकते ती घरातून निघण्याची वेळ. अर्थशास्त्रज्ञ विल्यम विक्री यांनी १९६९ मध्ये याचं गणित मांडलं, पुढे १९९६ चं नोबेल त्यांना मिळालं. समजा पुलावरून मिनिटाला ५० गाड्या सुटतात आणि ७० येतात. तासाभरात १२०० गाड्यांची रांग साचते, शेवटच्याला २४ मिनिटं थांबावं लागतं. सातांतल्या दोघांनी निघण्याची वेळ मोकळ्या वेळेत ढकलली, तर रांगच होत नाही. माझ्या मते मांडवीच्या दोन्ही तीरांवर सगळ्यात उपयोगी माहिती हीच ठरेल. पुलाच्या तोंडाशी पोचल्यावर लावलेला फलक उशिराचा. चहा पिताना कळलं पाहिजे, की पावणेनऊला निघालात तर अमुक, सव्वानऊला निघालात तर तमुक. ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात सायबाचं, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त असतं. त्या दिवशीची गर्दी कॅलेंडरमध्ये आधीच छापलेली असते. अशा दिवसासाठी त्या क्षणाची बातमी दुय्यम. आठवडाभर आधीची सूचना, आणि ती आधी सिम्युलेशनमध्ये घालून पाहिलेली असणं, जास्त कामाचं.

आणि मिनिटांच्या सरासरीत न मावणारा एक हिशेब आहे, तो ओसरीवरून दिसतो. बायपासवरच्या माणसाची चार मिनिटं वाचतात, तेव्हा माझ्या आईला रस्ता ओलांडून भाजी आणायला दहा मिनिटं उभं राहावं लागतं. सिम्युलेशनमध्ये ती कुठेच नसते, कारण ती गाडी नाही. न्यू जर्सीतल्या लिओनिया गावाने २०१८ च्या जानेवारीत आपले साठेक गल्लीरस्ते गर्दीच्या वेळी बाहेरच्या गाड्यांना बंद केले होते. मोबाईलचे नकाशे न्यूयॉर्कच्या पुलाकडे जाणारे लोंढे त्या गल्ल्यांतून काढत होते. वाड्यावाड्यातून जाणारे आपले रस्ते तर त्याहून अरुंद, आणि गोव्यात भाड्याची गाडी घेऊन फिरणारा पाहुणा नकाशातल्या आवाजाचं निमूट ऐकतो. सिम्युलेशन कोणी केलंच, तर त्यात रस्ता ओलांडणारी माणसं घातली पाहिजेत, हा माझा आग्रह आहे.

साधनं दुर्मीळ नाहीत. जर्मनीच्या डीएलआर या संशोधन केंद्राने केलेला सुमो नावाचा प्रोग्रॅम फुकट मिळतो, साध्या लॅपटॉपवर चालतो. कमी पडते ती मोजणी: कोणत्या चौकातून किती वाजता किती गाड्या गेल्या, कुठून आल्या, कुठे निघाल्या. ही मोजणी लोकांसाठी खुली झाली, तर इंजिनिअरिंगला शिकणारी मुलं एका सुट्टीत रायबंदर-बायपास उभं करून दाखवतील.

आणि मग भरती-ओहोटी शमवायचे उपाय त्यांना तपासता येतील. एक उपाय १९९१ मध्येच हानी महमासानी आणि आर. जयकृष्णन यांच्या सिम्युलेशनमध्ये होता. त्यांचा चालक दोन मिनिटं वाचतात म्हणून वाट बदलत नाही, बराच फायदा दिसला तरच बदलतो. हा आळस रस्त्याला मानवतो. दुसरा उपाय, आत्ताचा वेळ न सांगता तुम्ही तिथे पोचाल तेव्हाचा वेळ सांगणं, आणि तो काढताना आपलं सांगणं किती जण ऐकतील हेही हिशेबात धरणं. तिसरा उपाय भाचीने काढला.

निघायच्या आदल्या रात्री तिने झाड पडलेला दिवस पुन्हा मांडला, सगळ्या चिंचोक्यांना मोबाईल दिलेला. पण या वेळी सगळ्यांना एकच उत्तर द्यायचं नाही, असा तिचा नियम. ती मोजत गेली: सहा बायपासला, सातवा रायबंदरला. सहा बायपासला, सातवा रायबंदरला. शेवटी रायबंदरच्या रेघेवर १० चिंचोके, बायपासवर ६०. मी वेळ काढला. तिथे १० अधिक २०, इथे १५ अधिक १५. दोन्हीकडे ३० मिनिटं.

“म्हणजे सातव्याला फसवलं नाही ना आपण?” तिने विचारलं.

नव्हतं फसवलं. त्यालाही तीसच मिनिटं लागली.